भिंतीचं पोट

ऐंशीच्या दशकात आम्ही अंधेरीतल्या एका जुन्या दुमजली इमारतीत भाड्याने राहत होतो. लाकडी गॅलऱ्यांच्या तिच्या दर्शनी बाजूची नोंद करून ठेवायला एक सर्व्हेवाला बरेच दिवस येत होता. समोरच्या दोन जागांवरून तो फोटो काढायचा आणि त्या जोडीवरून यंत्रावर अचूक नकाशा रेखायचा. ‘फोटोग्रामेट्री’ म्हणायचा त्याला. भिंतीवर कागदी खूण चिकटवण्याआधी तो दर वेळी आईला विचारायचा, “इथे लावू ना, काकू?” जणू भिंतीला दुखणारच होतं.

एका संध्याकाळी तो कॅमेऱ्याशिवाय आला आणि दारातच उभा राहिला.

“काकू, वरच्या भिंतीला पोट आलंय, बाहेर फुगलीय ती. नुसतं बघून कळत नाही, पण नकाशात स्पष्ट दिसतंय. मालकाला प्रत द्यावीच लागेल.”

म्हणजे इमारत धोक्याची ठरणार आणि घर खाली करावं लागणार. आई म्हणाली, “तेवढी एक रेघ सरळ काढ ना रे. कोणाला कळणार?”

तो कानापर्यंत लाल झाला. “पोरं झोपतात ना त्या गॅलरीत,” एवढंच बोलून चहा न घेता निघून गेला.

आम्ही बोरिवलीला निघालो त्या सकाळी तो न बोलावता आला. मान खाली घालून त्याने आमचं सगळं सामान टेम्पोत चढवलं.

“इमारत टिकावी म्हणून मोजायला घेतली होती, काकू,” तो पुटपुटला.

आईने पदराने तोंड पुसलं. “मी तसं बोलायला नको होतं रे.”

दोघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिले. शेवटी टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.