हरणीचं डोहाळजेवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीने टाळत आले — जणू त्याला काही ठाऊकच नाही. मग आज तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मध्येच उठून माझी समजूत घालायला लागणार नाही, एवढ्यासाठीच असेल.

आमचा घोड्यांचा मळा देवळाली कॅम्पाच्या पुढे, सिन्नरकडे जाताना लागतो. सरावाच्या तोफा धडाडल्या की पाहुणे दचकतात. घोडे कान हलवतात आणि पुन्हा घासात तोंड घालतात. नाशिकहून सुट्टीच्या दिवशी लोक मुलांना घेऊन येतात, आणि मी त्यांना फिरवून दाखवते. श्रावणात चिखलाने खूर कुजू नयेत म्हणून काय करतो, मार्गशीर्षात थंडी पडली की घोड्यांच्या अंगावर केस कसे दाट होतात, फाल्गुनात शिंगरं जन्मतात तेव्हा तबेल्यात कसा वेगळाच वास भरून राहतो. या सगळ्याचे आपण ऋणी आहोत, असं मी मुलांना सांगते. घोड्याच्या मानेवर हात ठेवून ‘धन्यवाद’ म्हणायला लावते. बायका म्हणतात, वहिनी, तुमच्याकडून कृतज्ञता शिकावी.

माझ्याकडून! ऐकून मी हसते. हसण्यात मी पटाईत आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा घोड्याजवळ पुढून जावं की मागून, एवढंही मला कळत नव्हतं. सासरे कॅम्पात लष्करी घोड्यांकडे नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या शिस्तीत घड्याळापेक्षा चंदीची वेळ मोठी. चंदी म्हणजे घोड्यांचे भिजवलेले हरभरे. ती मापूनच द्यायची. शिजवलेलं काही नाही, ताटातलं उरलेलं तर मुळीच नाही. मला ते सगळं कोरडं वाटायचं. जीव लावायचा तोही मापून?

हरणी नावाची एक बदामी घोडी होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. मग मी तबेल्यात जाऊन बसायचे. हरणी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. तिला माझं दुःख कळत होतं असं मी म्हणणार नाही, खरारा करून घ्यायला ती येत असेल. पण त्या वर्षी मी उभी राहिले ती तिच्या आधाराने, हे खरं आहे. त्याच वर्षी तीही गाभण राहिली.

दसऱ्याला आमच्याकडे घोड्यांची पूजा असते. आंघोळ, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूची माळ, आणि पुरणपोळीचा नैवेद्य. नैवेद्य म्हणजे सुपारीएवढा घास, सासऱ्यांच्या देखत. माळा यायच्या शेजारच्या तारामावशींच्या मळ्यातून. मावशी फुलं आणि भाजीपाला पिकवायच्या. पहाटेचा माल नाशिकच्या बाजारात गेला की डोक्यावर पाटी घेऊन आमच्याकडे यायच्या. माळांखाली कोबीचा पाला असायचा, घोड्यांसाठी. कुणी मागितलेला नसायचा. घोड्यांशी त्या माहेरवाशिणींशी बोलावं तसं बोलायच्या. त्या दसऱ्यालाही त्यांनी स्वतःच्या हाताने हरणीला पाला भरवला.

आता येते मी खऱ्या गोष्टीजवळ. आले आहे की नाही? बघा, अजून कोबीबद्दलच बोलते आहे.

दुपारी जेवणं झाली, घर निजलं. पाहुणे येणार म्हणून पुरण ढीगभर घातलं होतं आणि निम्मे पाहुणे आलेच नाहीत. पातेलं माझ्यासमोर होतं. मनात आलं — पोटुशी आहे बिचारी, हिचे डोहाळे कोण पुरवणार? माझं डोहाळजेवण राहून गेलेलं. हिचं तरी करावं. डाळ हरभऱ्याचीच, म्हणजे चंदीच की. आणि दमलेल्या घोड्याला गूळ तर सासरेही द्यायचे. मग यात वाईट ते काय? मी पातेलं घेऊन गेले, तिला हळदकुंकू लावलं आणि हाताने पुरण भरवलं. तिने तळ चाटून पुसून घेतला. त्या दुपारी मी खूप दिवसांनी आनंदात होते. नंतर हौदावर पातेलं घासून ओट्यावर उपडं घातलं, आणि सासूबाईंनी विचारलं तर सांगितलं की पुरण आंबलं, टाकून दिलं.

संध्याकाळी हरणी स्वतःच्या पोटाकडे वळून वळून बघू लागली. मग लोळू लागली. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टर आले, नवरा आणि सासरे तिला आळीपाळीने फिरवत राहिले. सकाळी ती गेली. पोटातलंही गेलं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाल्लं हिने? फवारा मारलेलं काही खाण्यात आलं का? त्यांनी नुसतं विचारलं होतं. पण सासऱ्यांची नजर कोपऱ्यातल्या पाटीवर गेली. मावशींना निरोप गेला आणि त्या तशाच धावत आल्या. मागच्या आठवड्यात शेजारच्या वाफ्यावर फवारा मारला होता, असं त्यांनी आपणहून सांगितलं. कुणी त्यांना बोललं नाही, ओरडलं नाही. त्या हरणीजवळ मातीत बसल्या आणि तिच्या गळ्यातली माळ काढू लागल्या. गाठ त्यांना सुटेना. मी दारात उभी होते. ओट्यावरचं पातेलं मला तिथूनही दिसत होतं.

त्यानंतर मावशी आमच्या फाटकाच्या आत आल्या नाहीत. गावात गोष्ट पसरलीच. गायीम्हशीवाल्यांनी त्यांचा पाला घेणं बंद केलं, त्यांच्या घरी नवऱ्याचे टोमणे सुरू झाले. पुढच्या दसऱ्याला माळा कुंपणाच्या तारेवर लटकलेल्या दिसल्या. सासूबाईंनी मला त्यांना बोलवायला पाठवलं. मावशी बांधावर उभ्या होत्या.

“माझ्या हातून मुकं जनावर गेलं, सूनबाई. पोटुशी व्हती ती,” त्या म्हणाल्या. “तू तिला लय जीव लावला व्हता. सासऱ्यांचं जाऊ दे, तू मला माफ करशील का?”

आणि मी — मी त्यांना माफ केलं.

“केलं, मावशी. कधीच केलं,” असं म्हणाले. शब्द अगदी असेच होते. त्यांचे हात हातात घेतले, डोळे पुसले. घरी कळलं तेव्हा सासरे म्हणाले, सूनबाईचं मन मोठं आहे. ते वाक्य मी किती वर्षं अंगावर मिरवलं म्हणून सांगू!

मावशींनी ती माफी कधी विसरू दिली नाही. थंडीत वाटाण्याची पहिली तोडणी झाली की ओंजळभर शेंगा आधी मला. शेवंती फुलली की मला. हुरड्याची कणसं, उन्हाळ्यातली काकडी, सगळं आधी मला. ऋतू बदलला की तो आधी माझ्या पदरात पडायचा. त्यांना वाटायचं, माझे उपकार फिटत नाहीत. मी घेत राहिले. नाही म्हणावं तर कारण काय द्यायचं?

एवढंच असतं तरी सांगून मोकळी झाले असते का? कदाचित. पण अजून एक गोष्ट आहे, आणि तिच्याचसाठी मी इतका वेळ घुटमळते आहे. डॉक्टरांनी ‘काय खाल्लं’ असं विचारलं, तेव्हा हरणी जिवंत होती. संध्याकाळच होती अजून. माझ्यापासून चार हातांवर उभी होती, मान माझ्याकडे करून. एक शब्द बोलायचा होता — पुरण. सासरे काय म्हणतील, या भीतीने मी तो गिळला. बोलले असते तर ती वाचली असती का? त्यानंतर कितीतरी डॉक्टर आमच्याकडे येऊन गेले. मी कुणालाही विचारलेलं नाही.

मावशी यंदाच्या पावसाळ्यात गेल्या. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. मी रोज जायचे, कधी पेज घेऊन, कधी नुसतीच. खोलीत आम्ही दोघीच असायचो. रोज जाताना ठरवायचे आणि रोज उशी नीट करून परत यायचे. एकदा त्यांनी स्वतःहून हरणीचं नाव काढलं. मी खिडकी लावायला उठले.

या दसऱ्याला वाटलं होतं, आता माळा येणार नाहीत. सकाळीच त्यांची सून पाटी घेऊन फाटकात उभी. म्हणाली, “आई सांगून गेल्यात, पहिली माळ तुमच्याच हातात द्यायची. मरेपर्यंत तुमचं नाव घेत व्हत्या.”

मी हात पुढे केले आणि माळ घेतली.