एकविसाव्या फर्म्यावरची सही

सकाळच्या चहाला संपादक बाईंनी सहज विचारलं, "काकू, न-ज-रमध्ये मी ती ओळ वाढवली, ती कशी वाटली? पाल्हाळ तर नाही ना झालं?"

काकूंचा कप ओठांपाशीच थांबला. कोणती ओळ, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि विचारायची सोय नव्हती, कारण त्या पानांवर कालच त्यांनी सही केली होती.

"छान झालीय," त्या म्हणाल्या.

"मुदत देण्याचा अर्थ कोशाच्या जुन्या चिठ्ठीत राहूनच गेला होता. नशीब, वेळेत सापडला. तीन वाजता फर्मा मशीनवर चढतोय." बाई कप विसळून आपल्या खोलीत गेल्या.

अरबी शब्दकोशाच्या त्या कार्यालयात काकू सत्तावीस वर्षं वाचक होत्या. काम जोडीनं चाले. वाचकानं हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचायचं आणि समोरच्यानं छापील प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. बोट आणि कान जिथे जुळत नाहीत तिथे 'थांबा' म्हणायचं. अशी सोळा पानं, म्हणजे एक फर्मा, वाचून झाला की वाचक खाली 'पाहिले' लिहून सही करी. त्या सहीशिवाय मशीनवाला मशीनला हात लावत नसे. संपादक बदलले, टाइप जुळवणारे जुळारी बदलले, बाई येऊनही आता दोन वर्षं झाली. सही मात्र काकूंचीच राहिली.

नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना पहिलं अक्षर अलिफसुद्धा ओळखता येत नव्हतं. त्या वेळच्या म्हाताऱ्या संपादकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "या भाषेत शब्द एकटा जन्माला येत नाही, अख्खं कुटुंब येतं. तीन व्यंजनं म्हणजे मूळपुरुष. आतले स्वर बदलले, पुढेमागे एखादं अक्षर चिकटलं, की झाली मुलं-नातवंडं. आपला कोश त्यांना वेगळं राहू देत नाही." काकूंचं स्वतःचं घर तेव्हा नुकतंच मोडलं होतं, कडेवर दोन वर्षांची लेक होती. एका छपराखाली इतकी माणसं नांदतात हे ऐकूनच त्यांना बरं वाटलं. कामाला चिकटल्या त्या चिकटल्याच.

न-ज-रचं, म्हणजे पाहण्याचं, कुटुंब त्यांच्या विशेष लाडाचं. नजर आपल्याकडे आली आणि घरचीच झाली, तिला आता कोणी परकी म्हणत नाही. पण तिची भावंडंही भेटण्यासारखी होती. मंजर म्हणजे डोळ्यांपुढचं दृश्य. नाजिर म्हणजे देखरेख ठेवणारा. नजीर म्हणजे समोर उभा केला तर तोडीस तोड ठरणारा. मुनाजरा म्हणजे समोरासमोर बसून घातलेला वाद, आणि नज्जारा म्हणजे चक्क चष्मा. इंतिजारची, म्हणजे वाट पाहण्याची, चिठ्ठी उतरवताना तर त्या टाक थांबवून हसल्या होत्या. थांबणाऱ्याला तिकडेही वाट पाहावीच लागते म्हणायची!

'नून' या अक्षराच्या सगळ्या चिठ्ठ्या, म्हणजे हस्तलिखितातल्या शब्दवार नोंदी, बारा वर्षांपूर्वी त्यांनीच आपल्या गोल अक्षरात उतरवल्या होत्या. त्यामुळे त्या पाठ होत्या, आणि घात तिथेच झाला.

चार महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडला. कडेचं सगळं दिसे: दाराची चौकट, जिन्याचा कठडा, कपाची दांडी. ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नेमकं पुसलं जाई. डॉक्टर म्हणाले, चालण्या-फिरण्याला धोका नाही, वाचन मात्र विसरा.

"ऑफिसात सांगितलंस?" लेक रोज जेवताना विचारी.

"सांगते गं. नून संपू दे."

"आणि मग?"

"मग तीनच अक्षरं उरतात. हे, वाव, ये. की कोश संपला."

"म्हणजे तोवर मांजरासारखं डोळे मिटून दूध पिणार तू."

काकू ताटं उचलत. सत्तावीस वर्षं वऱ्हाड सांभाळायचं आणि दारात पोचल्यावर आपणच मागे राहायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

तेव्हापासून त्या वाचत नव्हत्या, म्हणत होत्या. कागद नाकासमोर धरायचा, अंदाजानं पान उलटायचं, स्वल्पविरामाला दम घ्यायचा. प्रूफ धरून समोर बसणारे तात्या कौतुकानं म्हणत, "काकू, हल्ली तुमची गाडी फार जोरात. मधली स्टेशनंसुद्धा घेत नाही!" काकू हसत. पुढचं पान उलटत.

चहाचा कप तसाच ठेवून त्या मशीनच्या खोलीकडे गेल्या. दाराजवळच्या फळीवर एकविसाव्या फर्म्याचं हस्तलिखित आणि सहीचं प्रूफ एकत्र बांधून ठेवलेलं होतं. त्यांनी न-ज-रचं पान काढलं, खिडकीशी नेलं, मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. समासात बाईंच्या पेन्सिलीचा एक करडा पट्टा होता. अक्षर एकही लागेना. लागण्याची गरजही नव्हती. काल त्यांनी ती ओळ वाचली नाही आणि तात्यांनी त्यांना थांबवलं नाही. ओळ प्रुफात असती तर तात्यांचं बोट अडखळलं असतं. म्हणजे जुळाऱ्याच्याही नजरेतून ती सुटली होती.

भिंतीवरच्या घड्याळाचे काटे त्यांना बाजूनं पाहिले की दिसत. अकराला दहा कमी.

वाट तशी सोपी होती. जुळाऱ्याला सांगायचं, बाबा, एक ओळ तुझी राहिली, एक माझी राहिली, गुपचूप बसवून टाक. सत्तावीस वर्षांत एक चूक कोणाला होत नाही? तो वर दिलगीर झाला असता. काकू दोन पावलं त्याच्या खोलीकडे गेल्यासुद्धा.

मग त्या थबकल्या. हे पान बाईंनी विषय काढला म्हणून कळलं. सोळापासून वीसपर्यंतचे पाच फर्मे याच चार महिन्यांत छापून झाले होते. त्यांच्या समासांत किती करडे पट्टे होते? ऐंशी पानं, आणि प्रत्येक फर्म्याखाली ठळक अक्षरात 'पाहिले'.

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं. कोणीतरी जेवायला हाक मारली, त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

अडीचला मशीनवाला रुळांवर शाई चढवू लागला. "सरका काकू, पदराला लागेल."

"थांब जरा. हा फर्मा चढवू नकोस."

"का हो? सही आहे की तुमची."

"सही खोटी आहे," काकू म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "बाईंना बोलाव."

बाई आल्या, त्यांच्यामागून तात्याही आले. काकूंनी एका दमात सगळं सांगितलं. मध्ये थांबलं तर पुन्हा सुरू होणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

बाई ओरडल्या नाहीत. ते जास्त जड गेलं.

"किती फर्मे?"

"हा धरून सहा."

"तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"शपथ, नाही." तात्या गडबडले. "म्हणजे... पूर्वी काकू दर पानाला चष्मा पुसायच्या. ते बंद झालं होतं. मला वाटलं, नवी काच चांगली मिळाली असेल."

कोणी हसलं नाही. बाईंनी प्रूफ हातात घेतलं, न-ज-रच्या नोंदीवरून बोट फिरवलं. "नाहीये ओळ," त्या हळूच म्हणाल्या. शाईचे रूळ रिकामेच फिरत होते. मशीनवाल्यानं हात लांब करून ते बंद केले.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. "तात्या, माझी सही कुठे आहे?"

तात्यांनी त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. काकूंनी पेन घेतलं आणि बोटाच्या आधारानं आडवी रेघ ओढली. रेघ थोडी खाली गेली, म्हणून पुन्हा एक ओढली.

"पिशवी घेऊन येते मी," त्या म्हणाल्या.

"कुठे निघालात?" बाईंचा आवाज कोरडा होता. "सहा फर्मे मला कोण निस्तरून देणार? जुन्या चिठ्ठ्या तुम्हाला पाठ आहेत ना?"

"आहेत."

"मग आता हस्तलिखित तात्या वाचतील, प्रूफ मी धरते. तुम्ही नुसतं ऐकायचं. पाठ आहे त्याहून वेगळं काही कानावर आलं की थांबवायचं. त्या जागा मला शुद्धिपत्रासाठी हव्यात. सहा फर्मे होईपर्यंत तुम्ही इथेच बसायचं. त्यापुढचं मी आज बोलत नाही."

"मी वाचू?" तात्या म्हणाले. "बाई, माझे उच्चार म्हणजे गाढवानं..."

"वाचा."

तिघं टेबलाशी बसले. सोळावा फर्मा, पहिलं पान. तात्या अडखळत, घसा खाकरत वाचू लागले. काकूंनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. चौथ्या ओळीला त्यांनी "थांबा" म्हटलं, पण ती तात्यांचीच चूक निघाली. अकराव्या ओळीला पुन्हा म्हटलं. बाईंचं पेन प्रुफावर टेकलं, सुटलेलं लिहून घेत ते बराच वेळ खरखरत राहिलं.

"पेन्सिलीतलं होतं?" काकूंनी विचारलं.

"होतं. पुढे वाचा, तात्या."