बेंबळेत फेकलेला घोडेस्वार

आयुष्यात माझ्या हातून एकच वस्तू लांब फेकली गेली, आणि नेमकी तीच परत शोधावी लागली. एरवी मी चेंडू फेकला की तो माझ्याच पायाशी पडे.

छप्पनच्या दसऱ्याला वडील नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि बाभुळगावाजवळच्या आमच्या मोहल्ल्यात घरोघरचे देव्हारे रिकामे व्हायला लागले. मी तेव्हा नववीत. मोहल्ल्यातली इंग्रजी शिकणारी पहिली पोरगी, म्हणजे स्वतःच्या मते अर्धी बॅरिस्टर. आमच्या घरचे देव नदीवर न्यायचं काम मी कुणी न सांगता अंगावर घेतलं. त्यासाठी एक भाषणही पाठ केलं होतं. ऐकायला आजी आणि दोन बकऱ्या. त्यातली एक भाषण संपायच्या आत उठून गेली.

देव्हाऱ्यात एक वाटोळा टाक होता, रुपयाहून मोठा. हळदकुंकवाचे इतके थर चढलेले की घोडा आणि घोड्यावरचा माणूस तेवढा कळे. आम्ही त्याला खंडोबा म्हणायचो. मी तो टोपल्यात टाकायला उचलला तर आजी म्हणाली, "बाकीचे ने. येवढा घोडेवाला राहू दे."

"आजी, आता घरात देव ठेवायचे नाहीत."

"देव म्हनून नाही वो. तुह्या आजोबाच्या वक्ताचा हाय."

"अज्ञान जुनं झालं म्हणून त्याचं ज्ञान होत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मला इतकं आवडलं की नदीपर्यंत मी ते मनात घोळवत गेले. बेंबळेच्या डोहाशी खडकावर उभी राहून टोपलं उलटलं. घोडेवाला मात्र मुद्दाम शेवटी फेकायला ठेवला होता, आजीनं मागितला म्हणून. तो सगळा जोर लावून भिरकावला. आजी काठावरून बघत होती. म्हणाली, "झालं समाधान? चाल, भाकरी टाकायच्या हायेत."

आजोबांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की माझे वडील पाळण्यात असताना ते पहिल्या महायुद्धात गेले आणि आले नाहीत. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मोहल्ल्यात बाया भांडल्या की आजीला एक टोमणा ठरलेला असे. समोरच्या घरातली म्हातारी विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणायची, "लढाईत कायचा मरते? तिकडंच दुसरीसंगं राह्यला असंन. पळपुट्याची बायको तू." एवढं म्हटलं की जगात कुणालाही उत्तर देणारी आजी अर्धीच घागर उचलून घरी यायची.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या साली असंच भांडण करून ती घरी आली. घागर दाणकन ठेवली आणि मला म्हणाली, "तुले इंग्रजी येते ना? मंग सरकारले इचार. मेला का पळाला? काईबी असो, मरायच्या आंधी मले मालूम पडलं पायजे."

मला काय, आनंदच झाला. शाळेत मी आधीच सांगून बसले होते की आमचे आजोबा सुभेदार होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतं. आता सरकारी शिक्का मिळणार! गुरुजींकडून पलटणीच्या दफ्तराचा पत्ता आणला आणि पत्र लिहायला बसले. अडचण एवढीच की इंग्रजीतलं एकच पत्र मला पाठ होतं, हेडमास्तरांना रजेसाठी करायचा अर्ज. तोच घेतला आणि त्यात आजोबा बसवले. माझे आजोबा, सुभेदार, हे चाळीस वर्षांपासून गैरहजर आहेत, तरी कृपा करून, वगैरे. खाली 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'.

दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आलं. कुण्या भल्या कारकुनानं हसू आवरून लिहिलं असावं. त्या नावाचा कुणी सुभेदार दफ्तरात नाही, साध्या भरतीत मात्र त्या नावाचे बरेच आहेत, तेव्हा नंबर कळवावा. नंबर सापडत नसल्यास घरी पोस्टानं आलेलं पदक पाहावं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. नंबर कडेवर कोरलेला असतो.

शेवटच्या ओळी मी तीनदा वाचल्या. मग शब्दकोश काढला, निदान घोडेस्वाराचा अर्थ तरी दुसरा निघेल म्हणून. निघाला नाही.

"आजी," मी विचारलं, "तो घोडेवाला आपल्या घरी आला कसा?"

"पोस्टानं. डाकवाला दुरूनच वट्ट्यावर ठेवून गेलता. संगं कागद होता. सासऱ्यानं तो गावातल्या शिकेल मान्साले दाखवला, तं त्यो लांबूनच बोलला, सरकारी हाय, जपून ठेवा. मंग सासूनं घोडा पायला आन् म्हने, खंडोबानं पोराची राखन केली, खबर धाडली. बसवला देव्हाऱ्यात. काहून?"

मी सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं. वाटलं, आता पाठीत धपाटा बसतो. ती म्हणाली, "म्हनजे सासू अडानी होती म्हनून तिनं त्याले पूजलं. आन् तू शिकेल होती म्हनून फेकला. चाळनी काढ."

वैशाखात बेंबळेचा डोह आटून गुडघ्याएवढा झाला होता. मी आणि आजी रोज सकाळी धान्याची चाळणी घेऊन रेती चाळायला जायचो. पहिल्याच दिवशी टोपल्यातले देव एकेक करून वर आले, अगदी कुणी आवाज दिल्यासारखे. मी ते पुन्हा पाण्यात टाकायची, दुसऱ्या दिवशी चाळणीत पुन्हा तेच. धुणं धुवायला आलेल्या बायांना करमणूक झाली. समोरची म्हातारी तर खास बसायला यायची.

"काहून वो बॅरिस्टरीण, देव वापस पायजे का?"

"देव नाही शोधत," मी म्हणाले.

"मंग हातात काय हाय तुह्या?"

हातात मरीआई होती. पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवून मी ती पुन्हा डोहात टाकली.

पाचव्या दिवशी, मी ज्या बाजूला शोधत होते त्याच्या बरोब्बर उलट बाजूला, आजीच्या पायाला काहीतरी लागलं. घरी आणून चिंच आणि राखेनं घासलं. आधी घोडेस्वार उजळला. "अंगावर कपडा नाही वो याच्या," आजी म्हणाली, "तीस-पस्तीस वर्सं याले मी हात जोडले!" मागे दाढीवाला राजा, इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेला. आणि कडेला बारीक अक्षरं. नंबर. त्यापुढे आजोबांचं नाव. आजीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, नि बोट तिथंच ठेवलं.

नंबर लिहून पुन्हा पत्र टाकलं, त्याचं उत्तर पोळ्याच्या आसपास आलं. मी घरात आजीला वाचून दाखवलं. हुद्दा, खेचरं हाकणारा. बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात तापानं मृत्यू. वर्तणूक चांगली.

"मेला ना नक्की?"

"हो, आजी."

"पळाला नाही?"

"नाही."

आजीनं तोंडावरून पदर फिरवला आणि उठली. "चाल. तिच्या वट्ट्यावर वाच."

समोरच्या म्हातारीच्या ओट्यावर आठ-दहा बाया जमल्या. मी कागद उघडला. ऐकणाऱ्यांत माझ्या वर्गातली एक पोरगीही उभी होती, जिला मी सुभेदाराची नात म्हणून ठाऊक होते. मी घसा खाकरला आणि खणखणीत वाचलं, "हुद्दा, सुभेदार."

"थांब," आजी म्हणाली. "आत्ता घरात तं खेचरं हाकत होता. गल्ली वलांडेपरेंत बढती भेटली का त्याले?"

बाया इतक्या हसल्या की समोरच्या म्हातारीला ठसका लागला. मला खेचराच्या पोटाखाली लपावंसं वाटलं. आजी मात्र गंभीर होती. "जे हाय ते वाच. एक खोटं निघालं तं ही म्हनंन, सगळंच खोटं हाय."

मी खेचरं वाचली. ताप वाचला. मृत्यू वाचला. आजीनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी समोरची म्हातारी खाली बघत म्हणाली, "बस झालं वो बाई. आयकू आलं."

"आता उरेल वाच," आजीनं मला सांगितलं.

"वर्तणूक चांगली."

आजीनं कागद माझ्या हातून घेतला, घडी करून कमरेला खोचला.

"हे मातर सरकारनं मनानंच लिवलं," ती म्हणाली. "पन राहू दे."