मास्तरांचं आवडतं क्रियापद

आमच्या गावातल्या मास्तरांनी माझ्या बहिणीला फसवलं. फसवलं आणि वर मरून गेले, त्यामुळे भांडायला समोर माणूसही उरला नाही. मी त्यांना अहो-जाहो लिहितोय ते सवयीने. आदराने नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखतात. रेवसच्या रस्त्याला, नारळी-पोफळीच्या लहानशा वाडीत त्यांचं कौलारू घर. ओटीवर आरामखुर्ची. कोणी कामाचं काही विचारलं की मास्तर चष्मा काढायचे, काचांवर तोंडाची वाफ सोडायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि तो पुन्हा न चढवताच म्हणायचे, "आधी शब्द समजून घ्या. मग कामाचं बोलू."

शब्द समजून व्हायचा. कामाचं बोलणं राहायचं.

मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी शाळेतच फारसा नव्हतो. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरणाऱ्यांची ओझी वाहिली, मग दुसऱ्याचा टेम्पो चालवला, मग स्वतःचा घेतला. आता चिऱ्यांचा धंदा आहे. मुंबईचे लोक इकडे बंगले बांधतात, त्यांना जांभा दगड मी पुरवतो. गाडीतून उतरल्या उतरल्या भाव पाडायला निघालेल्या माणसाला मी चहा पाजून माझ्या भावावर आणतो. मला सहजासहजी कोणी गंडवत नाही. म्हणून तर जास्त जळतंय.

माझी थोरली बहीण, माई, विधवा झाली त्याच सुमाराला मास्तरही एकटे पडले. बायको गेली होती. मूलबाळ नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. माई त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागली. मग मागच्या पडवीला लागून असलेली खोली त्यांनी तिला राहायला दिली. वीसेक वर्षं तिने त्यांचं जेवणखाण केलं, दुखणीखुपणी काढली, पावसाआधी कौलं चाळून घेतली, माडांना पाणी घातलं. पहिली काही वर्षं पगार मिळाला. मग तो बंद झाला.

मी विचारायला गेलो. चष्मा निघाला.

"पगार हा शब्द पोर्तुगीज, बरं का. आपल्याच या किनाऱ्यावर उतरला."

"शब्द उतरला, मास्तर. पगार कुठे उतरला?"

ते खूश होऊन मांडीवर थाप मारत हसले. "वा! अरे, घरच्या माणसाला पगार कसला? माझ्यामागे हे घर तिचंच आहे."

हे वाक्य त्यांनी मला एकट्याला ऐकवलेलं नाही. ओटीवर जो जो येऊन बसला त्याला ऐकवलंय. माई चहा घेऊन बाहेर आली की हटकून ऐकवायचे. ती मान खाली घालून कप ठेवायची आणि आत जायची. तेवढ्यावर तिचा महिना निघायचा.

आता त्या क्रियापदाकडे येतो. मास्तरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण जीव जडला होता एकाच क्रियापदावर. एस्चीट. तुम्ही ऐकलं नसेल. मास्तर म्हणायचे, हे आता फक्त कोर्टात आणि सरकारी कागदांत जिवंत आहे, बाजारात बोललात तर खुद्द इंग्रजसुद्धा वळून बघेल. मालक मेला, मागे वारस नाही, मृत्युपत्र नाही, की त्याचं घरदार सरकारकडे जातं. ते जाणं म्हणजे एस्चीट.

जन्मकथा ते रंगवून सांगायचे. मूळ लॅटिनमधलं, अर्थ 'पडणे'. तिथून ते जुन्या फ्रेंच भाषेत गेलं, आणि फ्रेंच बोलणारे राजे इंग्लंडात शिरले त्यांच्याबरोबर हेही शिरलं. तिथे जमीन राजाची. राजाकडून सरदाराने घ्यायची, सरदाराकडून कुळाने. कूळ निर्वंश झालं की जमीन पुन्हा वरच्याच्या पदरात पडायची. आधी त्याचं नाम होतं, मग नामाचं क्रियापद झालं. इथवर आले की मास्तर खुर्चीत पुढे सरकायचे.

"राजाचे अधिकारी गावोगाव फिरायचे, अशा जमिनी हुडकत. वारस समोर उभा असला तरी म्हणायचे, वारस नाही! लोक इतके पिडले, इतके पिडले, की त्यांनी त्या शब्दाचं डोकं उडवलं आणि उरलेल्या धडाची शिवी केली. चीट! तुम्ही लोक चीटिंग-चीटिंग म्हणता ना, ते हे."

मला ही गोष्ट भारी आवडायची, खोटं कशाला बोलू. एखादं गिऱ्हाईक दगडाच्या मापावरून "चीटिंग करता" म्हणालं की मी त्याला ती ऐकवायचो. ते ऐकत बसायचं आणि माप विसरायचं.

व्याकरणाचा पाठ वेगळा. "वाक्यात कर्ता कोण? घर. सरकार नव्हे. घर एस्चीट होतं, सरकारकडे. सरकारने ते केलं असंही लिहितात, चालतं, पण खरा डौल पहिल्यात. कोणी काही करत नाही, ते होतं. आता माडाची सुकी झावळी बघा. तिला कोणी पाडतं का? ती पडते."

एकदा माई मागच्या दारी मासे साफ करत होती, तिथून ओरडली, "पडते खरी, पन खाली कोन उभा हाय त्ये बगाला नको?"

ओटीवर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले.

त्यांना छातीचा त्रास झाला तेव्हा मात्र मी ठरवलं, आता पुरे. त्यांचा एक लाडका विद्यार्थी मुंबईत मोठा वकील आहे. त्याला मीच फोन केला. भला माणूस, सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्याहून आला. मृत्युपत्राचा मसुदा टाइप करून बॅगेत आणला होता. साक्षीला मी दोन शेजारी बसवले. मास्तरांनी फक्त सही करायची होती.

वकीलसाहेबांनी कागद पुढे केला. "सर, इथे."

मास्तरांनी चष्मा काढला. पण ते काही बोलायच्या आत वकीलसाहेबच शाळेतल्या पोरासारखे हसत म्हणाले, "सर, आधी एस्चीट सांगा ना या लोकांना. किती वर्षं झाली ऐकून!"

झालं. लॅटिन आलं, फ्रेंच आले, सरदार आले, झावळी पडली. माईने दोनदा चहा आणला. तिकडे खाडीचं पाणी उतरत चाललेलं. रेवसला ओहोटीत लाँच धक्क्याला लागत नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. वकीलसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि दचकून उठले. "सर, निघायला हवं. पुढच्या खेपेला करू, घाई काय आहे?"

"छे छे, घाई कसली," मास्तर म्हणाले. चष्मा अजून हातातच.

"एक सही करायला किती वेळ लागतो हो?" मी ओरडलो. साक्षीदार चपला शोधायला लागले.

माई दारात आली. "तू गप ऱ्हा. माझ्यापायी त्यांच्या ओटीवर आरडू नको."

कागद बॅगेत परत गेला. वकीलसाहेबांना धक्क्यावर मीच टेम्पोने सोडलं. वाटेत म्हटलं, "साहेब, तुम्हीच विषय काढलात." ते म्हणाले, "अहो, सर आहेत ते. त्यांचा आनंद तेवढाच."

पुढची खेप झाली नाही. मी अजून दोन-चारदा घरी जाऊन भांडलो. दर वेळी चष्मा निघायचा. माझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्याला उशिरा कळलं, पण कळलं. म्हातारा आमच्या धंद्यातलाच होता. माल हातचा सोडायचा नाही आणि गिऱ्हाईक दारातून हलू द्यायचं नाही. सही केली की माल गेला. एका वाक्यावर त्याने माझ्या बहिणीची वीस वर्षं घेतली. एवढा स्वस्त सौदा मला आयुष्यात जमला नाही, आणि मी स्वतःला हुशार समजत होतो.

शेवटचा भांडायला गेलो तेव्हा ते खाटेवर होते. माई पेज भरवत होती. चष्मा उशाशी पडलेला, तो काही त्यांनी उचलला नाही. माई वाटी घेऊन आत गेली तसे हळूच म्हणाले, "काय रे, ती जाईल का?"

"कोण?"

"बाई. सही झाल्यावर."

मला हसावं की थोबाडीत मारावी कळेना. जगातल्या शब्दांचे आजे-पणजे ठाऊक असलेला माणूस, आणि घरातलं माणूस त्याला एवढंच कळलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, कागदासाठी वीस वर्षं कोणी पेज भरवत नाही."

त्यांनी ओठांना लागलेली पेज हाताने पुसली. मग म्हणाले, "त्याला बोलाव. या वेळी मी काही सांगत बसणार नाही."

त्यांच्याविषयी माझ्या मनात जे काही बरं उरलंय ते त्या एका वाक्यापुरतं.

मी अंगणातूनच फोन लावला. वकीलसाहेब कामात होते. म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघतो. मी म्हटलं, आज या. ते म्हणाले, "तुम्ही उगाच घाबरता." पुढचा आठवडा मास्तरांनी बघितला नाही.

तलाठ्याने पंचनामा केला. पुढच्या दाराला कुलूप लागलं, सील लागलं. माई मागच्या खोलीत आहे, तूर्त. मी तिला माझ्या घरी चल म्हटलं. ती म्हणाली, "भावाच्या दारात म्हातारपन न्हाय काढायचं. माझी खोली हाय." खोली आहे, पण कोणाची, ते तिला कसं सांगू?

शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. तुम्ही होतात ना? वकीलसाहेब सगळ्यात चांगलं बोलले. एस्चीटची सगळी गोष्ट त्यांनी मास्तरांच्या आवाजात, चष्मा काढून, वाफ सोडून सांगितली. लोक पोट धरून हसले. शेवटी म्हणाले, "आणि बघा, सर स्वतःच त्या क्रियापदाचं उदाहरण होऊन गेले." टाळ्या पडल्या. माई शेवटच्या बाकावर होती. तिला काही कळलं नाही. मास्तरांचं नाव घेऊन लोक हसतायत एवढं बघून तीही हसली.

मग अलिबागच्या कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, "मयताशी नातं?"

माई म्हणाली, "मी त्यांचा जेवान करायची."

त्याने लेखणी खाली ठेवली. वाईट नव्हता बिचारा. आत साहेबांकडे घेऊन गेला. साहेब म्हणाले, नुसत्या तोंडच्या शब्दावर घर मिळणार नाही. पण तिला त्या खोलीत मरेपर्यंत राहू द्यावं का, एवढा विचार वर होऊ शकेल. मयताचं म्हणणं स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या कोणा जबाबदार माणसाने येऊन जबाब द्यायला हवा. भावाचा धरत नाहीत. त्या दोन शेजाऱ्यांना विचारलं, तर त्यांना सरकारी कचेरीची भीती वाटते.

तेव्हा वकीलसाहेब, आता तुमच्याशी बोलतो. माझा फोन तुम्ही उचलत नाही, पण सरांवर काही छापून आलं की तुम्ही वाचता, हे मला माहीत आहे. माझ्यामागे हे घर तिचंच, हे तुम्ही ऐकलंय, तिच्या हातचा चहा पिताना ऐकलंय. ते तुम्हीच टाइप करून आणलं होतंत आणि तुम्हीच परत नेलंत. पुढच्या सोमवारी अलिबागला या आणि साहेबांसमोर तेवढंच सांगा. यायचं नसेल तर मागच्या पडवीला या, माई समोर बसेल, आणि का येणार नाही ते तिच्या तोंडावर सांगून जा.