रुपालीचे एकोणीस दिवस

ग्रंथालयाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एका आदर्श वाचकाचे शब्दचित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षांनी मला कळवले आहे. लिहितो, ते त्यांना आवडेल अशी हमी देत नाही.

माझी वाचक रुपाली. नागभीडपासून चार कोसांवरच्या गावची. वडील मनसाराम गावतलावात मासे धरतात, आई गिरजाबाई टोपली घेऊन बाजारात बसते. रुपाली बी.एस्सी. झाली आणि नागभीडच्या एका टायपिंग संस्थेत लोकांचे अर्ज टाइप करून देऊ लागली. तेथील एक जुना संगणक दुपारी दोन तास तिला मोकळा मिळे. इंटरनेट त्यावर नव्हते.

या वर्षी, २००५च्या जूनमध्ये, चंद्रपूरच्या एका खासगी महाविद्यालयाने संगणक प्रयोगशाळेत सहायक नेमण्याचे जाहीर केले. परीक्षा एकच : दोन ऑगस्टला, सर्वांसमोर, पीएचपी या संगणकाच्या भाषेत प्रवेश-अर्जाचे पान तयार करायचे आणि त्यात भरलेली माहिती साठवून दाखवायची. ही भाषा रुपालीला येत नव्हती. हाती सात आठवडे होते. ती ग्रंथालयात पुस्तक मागायला आली.

कार्यवाह या नात्याने मी तिची मागणी समितीपुढे ठेवली. अध्यक्ष गुणवंतरावांनी लगेच बाराशे पानांचा एक ग्रंथ सुचवला. कारण काय, तर तो कपाटात शोभून दिसेल! मी रुपालीला चंद्रपूरला पाठवले. पुस्तकांच्या दुकानात ती तीन तास उभी राहिली आणि तीनशे पानांच्या एका पुस्तकाचे नाव लिहून घेऊन आली.

"जाडं काऊन नको?" आमचे ग्रंथपाल धनराज यांनी विचारले.

"भाऊ, जाड्यात पयल्याच पानावर लिवलं हाये का अमक्या साइटवरून सामान उतरवून घ्या. कुठून उतरवू, तलावातून? हे भाषा चालवाले कॉम्प्युटरमधी आधी तीन प्रोग्राम टाकावं लागते. लहान्या पुस्तकात ते सीडीवर देल्ले हायेत. माय बाजारातून जाळं घेते तवा वजन नाई पाहत, भोकं पाहते."

चाळीस वर्षे मी शाळेसाठी पुस्तके निवडली. प्रकाशक पाहिला, बांधणी पाहिली, छपाई पाहिली. विद्यार्थ्याच्या घरी काय नाही, हे पाहून पुस्तक निवडल्याचे मला एकदाही आठवत नाही.

पुस्तक आले. रुपाली ते घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. मागच्या आवरणाचा खिसा रिकामा होता.

"सीडी देता येत नाई, रुपाली. ठराव हाये," धनराज म्हणाले.

ठराव होता. दाखल-नोंदवहीत पुस्तकासाठी रकाना आहे, सीडीसाठी नाही. जिची नोंद नाही ती वस्तू बाहेर देऊ नये, कुलपात ठेवावी. मसुदा माझा, अक्षरही माझे. किल्ली गुणवंतरावांकडे आणि गुणवंतराव मुलाकडे पुण्याला. मी दूरध्वनी केला.

"मी आल्यावर पाहू नं, गुरुजी," ते म्हणाले. "पोरगी पुस्तक वाचत राह्यन तोवर. पुस्तक वाचासाठीच असते ना?"

मी काय केले? जावक क्रमांक घालून त्यांना दोन पत्रे पाठवली. उत्तराची वाट पाहिली. त्या काळात रुपाली वहीत पेन्सिलीने प्रोग्राम लिहीत होती. एकोणिसाव्या दिवशी तिने ती वही माझ्या टेबलावर आपटली.

"हे बरोबर हाये का चूक, कोण सांगन, गुरुजी? कॉम्प्युटर सांगते, पण त्याले ते भाषा समजली पाह्यजे ना! तुमच्या कपाटात सीडी काय अंडे उबवून राह्यली का?"

धनराज हसले. मला हसू आले नाही. मी लोहाराला बोलावून कुलूप तोडवले.

आत सदतीस सीड्या होत्या. एकीलाही कोणाचा हात लागलेला नव्हता. लागला होता तो ग्रंथालयाचा गोल शिक्का, आणि तोही नेमका संगणक जिथून वाचतो त्या चकाकत्या बाजूवर! 'प्रत्येक वस्तूवर शिक्का असावा', हीसुद्धा माझीच सूचना. दवाखान्यातून स्पिरिट आणून, ओढणीच्या टोकाने ती जांभळी शाई रुपालीने पुसून काढली. सीडी चालली. पण आता तेवीसच दिवस उरले होते.

परीक्षेत तिचे पान पडद्यावर उमटले, रकाने भरले गेले. माहिती साठवण्यापाशी मात्र ती अडली आणि वेळ संपली. जागा दुसऱ्याला मिळाली. माहिती साठवणे त्या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात आहे. तिचे नववे नुकतेच संपले होते. आळस तिचा नव्हता, बुद्धी कमी नव्हती, पुस्तकाची निवडही चुकली नव्हती. ते एकोणीस दिवस आम्ही खाल्ले. निष्काळजीपणे नव्हे, अत्यंत व्यवस्थितपणे, नोंदी ठेवून खाल्ले. याची चीड मला आजही आवरत नाही आणि ती आवरावी असे मला वाटत नाही.

पुण्याहून परतल्यावर गुणवंतरावांनी कुलूप का तोडले याचा लेखी खुलासा मागितला. तो हाच. स्मरणिकेत छापावा.

डिसेंबरात ब्रह्मपुरीला अशीच एक जागा निघणार आहे. रुपालीचे दहावे प्रकरण सुरू आहे. पुस्तकाची मुदत केव्हाच उलटून गेली. नियमानुसार मी तिला स्मरणपत्र पाठवायला हवे. पाठवलेले नाही, पाठवणारही नाही.