पायरीवरचा नाका

“रोज तीन भाकरी देतो बांधून, तरी पोरगं सांजच्याला उपाशी असल्यावानी जेवतंय. मधल्या मधी खातंय कोन, मास्तर?”

कोंडीबाआबा शाळेच्या दारात उभे होते आणि मी त्यांच्यापुढे खडू घेऊन. मळवलीपासून कोसभर आत, डोंगराच्या पायथ्याशी आमची बोर्डाची शाळा. मास्तर दोनच. एक हेडमास्तर, दुसरा मी, असिस्टंट. बावीस वर्षांचा, ट्रेनिंग कॉलेजातून ताजा उतरलेला आणि प्रोबेशनवर. म्हणजे काम पसंत पडलं तर ठेवणार, नाहीतर घरी.

हेडमास्तरांनी आबांची समजूत घातली आणि माझ्याकडे वळले.

“पुढच्या आठवड्यात डेप्युटीसाहेब येतायत. त्याआधी हा चोर सापडला पाहिजे. दुपारच्या सुट्टीचा बंदोबस्त तुमच्याकडे.”

डेप्युटीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. वर्षातून एकदा यायचे, पोरांना प्रश्न विचारायचे आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिहायचे. माझी नोकरी त्या चार ओळींवर होती.

सुट्टीत पोरं आपापलं फडकं घेऊन पडवीत भाकरी खायला बसत. मी दाराआड लपलो. गावच्या नाटकात शकुनी मीच करायचो, त्यामुळे दाराआडून बघण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

चोर लगेच सापडला. चौथीतली चंद्री, वर्गातली एकुलती एक मुलगी. पडवीच्या पायरीवर आडवी काठी धरून बसली होती. घाटात मोटारी अडवून टोल घेणारा नाका होता, त्याची हुबेहूब नक्कल.

“जकात टाका, मंग फुडं.”

पोरं हसत हसत तुकडा मोडून तिच्या ओच्यात टाकत होती.

“आरं, हा कसला तुकडा? मुंगी तरी खाईल का? माघारी फिर.”

आबांचा नातू नाम्या तर एकदा जकात भरून आत गेला, उगाच बाहेर आला आणि पुन्हा भरून गेला. पोरगं भित्रं आहे, असं मी मनात नोंदवलं.

मग मी माझा प्रयोग लावला. पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या. लोणावळ्याच्या बाजारातून शिट्टी आणली. कोण कुणाशेजारी बसणार, यावर गावात दोन दिवस खल झाला, ते प्रकरण वेगळंच. पहिली शिट्टी, रेघेवर बसायचं. दुसरी, गाठ सोडायची. तिसरी होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही आणि कुणी कुणाला काही द्यायचं नाही. काठी मी स्वतः मोडली, सगळ्यांसमोर, गुडघ्यावर. टाळी पडेल असं वाटलं होतं. पडली नाही.

पहिल्या दिवशी चंद्री रेघेवर नुसतीच बसली.

“फडकं कुठाय?”

“इसरले, गुरुजी.”

दुसऱ्या दिवशीही विसरली. रांगेतली ती एक रिकामी जागा माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. मी म्हणालो, “उद्या फडकं नसेल तर शाळेत यायचं नाही.”

तिसऱ्या दिवशी तिने फडकं आणलं. गाठ पुरती न सोडता ती आत हात घालायची, तो तोंडाकडे न्यायची आणि मान खाली घालून चावायची. माझी रांग पुरी झाली. पागोळ्यांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. हेडमास्तर म्हणाले, “वा. पलटणीत शोभाल.”

डेप्युटीसाहेब आले ते सुट्टीच्या वेळेलाच. मी तिन्ही शिट्ट्यांचा खेळ करून दाखवला. साहेब खूष झाले. रांगेवरून फिरत एकेकाला विचारू लागले, काय आणलंय. कुणी भाकरी-चटणी सांगितली, कुणी भाकरी-कांदा. मग चंद्री.

“तू काय आणलंस?”

“भाकरी.”

“बघू बरं.”

तिने फडकं पोटाशी धरलं. साहेबांपुढे हुकूम मोडला जातोय, एवढंच मला दिसलं. मी वाकून फडकं ओढून घेतलं आणि गाठ सोडली.

आत कौलाचा तुकडा होता. कडा दगडावर घासून घासून गोल केलेल्या. भाकरीएवढा.

कुणी हसलं नाही. नाम्याच बोलला, तिसरी शिट्टी व्हायच्या आत.

“नाका व्हता तवर तिला मिळत व्हतं. मागून खाल्लंसं बी व्हत नव्हतं. तुमीच मोडला न्हवं, गुरुजी.”

साहेबांनी जाताना शेरेबुकात लिहिलं: दुपारच्या सुट्टीतील शिस्त उत्तम. असिस्टंट मास्तरांचे काम समाधानकारक.

दुसऱ्या दिवशी चंद्री आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी भाकऱ्या बांधून तिच्या घरी गेलो. आई दारात ओलं जळण निवडत होती. नवरा नव्हता. लोणावळ्याच्या बंगल्यांना मोळ्या पुरवून ती घर चालवायची, आणि पावसाळ्यात बंगले बंद असतात. चूल सांजेला एकदाच पेटायची. हे सगळं शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. मास्तर दोघे सोडून.

“उद्यापासून पाठवा तिला,” मी म्हणालो. “फडक्याचं कुणी विचारणार नाही.”

“ती न्हाई यायची, गुरुजी.”

“कुणी हसलं नाही हो तिला.”

“त्येच म्हनते ती. पोरं हसली असती तर आले असते, म्हनते.”

भाकऱ्या तिने घेतल्या नाहीत. चंद्री आतच होती. बाहेर आली नाही. दिवाळीनंतर लोणावळ्याच्या रस्त्यावर ती आईमागून मोळी घेऊन जाताना दिसली. मला बघून तिने मोळी माझ्या बाजूला कलती केली, तोंड दिसू नये अशी.

चुन्याच्या रेघा मी त्याच आठवड्यात सारवून टाकल्या होत्या. नाम्याने नवी काठी आणून पायरीवर आडवी ठेवली. पोरं तिच्यावरून पाय उचलून जात, पण तिथे कुणी बसलं नाही.

मी मात्र त्या शेऱ्यावर कायम झालो. पुढे स्वतः हेडमास्तर झालो, तेव्हा हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या असिस्टंटला एक सांगत आलो. शिस्त लावायच्या आधी एक दिवस पोरांत बसून भाकरी खा. मी दाराआडून सगळं पाहिलं होतं. फक्त चोर शोधायला उभा होतो, म्हणून मला चोर दिसला.