सीमेपलीकडच्या गावातली सफरचंदं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण इतका संताप फार थोड्या वेळा आला. आणि आला तोही अशा ठिकाणी, जिथे माझ्या ओळखपत्राला काडीची किंमत नव्हती.

मी तेव्हा पुण्यात पोलीस निरीक्षक होतो. अर्जित रजा घेऊन न्युरेम्बर्गला मुलीकडे गेलो होतो. जर्मनी आणि चेक देशाच्या सीमेवरची तपासणी नुकतीच बंद झाली होती. गाडी न थांबवता पलीकडे जाता येई. मुलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मराठी इंजिनिअर आणि त्याची बायको राहत. लग्नाला वर्ष झालेलं. ती साताऱ्याकडची, बोलायला मोकळी. तळमजल्यावर एक जर्मन आजी एकटीच असे. ही साताऱ्याची मुलगी रोज संध्याकाळी आजीकडे जर्मन शिकायला जाई आणि येताना जिन्यात माझ्याशी दोन शब्द बोले.

पहिली खबर आजीनेच दिली. मंगळवारी सकाळी तिने माझ्या मुलीला अडवलं. शनिवारपासून वरची आलेली नाही, आणि न सांगता जाणाऱ्यातली ती नाही. माझ्या मुलीने वर जाऊन विचारलं, तर नवरा म्हणाला, "अगं, ती गार्चिंगला गेलीये, चुलतभावाकडे. भांडण झालं जरा. रागाने निघून गेली. येईल."

मुलीने मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडायचं?" हे वाक्य मी ठाण्यात इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडलं की मी बूट घालतो.

चहाच्या निमित्ताने वर गेलो. स्वयंपाकघरात आंबूस वास सुटला होता. नळाला मटकीची पुरचुंडी टांगलेली, मोड फडक्यातून बाहेर आलेले, आत सगळं चिकट. रागाने घर सोडणारी बाई भांडी आपटेल, ताट लोटेल. पण निघण्यापूर्वी मटकी बांधून ठेवणार नाही. ती संध्याकाळी परत यायच्या हिशेबाने बाहेर पडली होती.

मी चहा घेत राहिलो. तोच बोलत राहिला. "शनिवार-रविवार मी तर हललोच नाही घरातून, काका. मूडच नव्हता." निघताना त्याने आग्रहाने पिशवीभर सफरचंदं हातात दिली. "घ्या हो, खूप आहेत. एकट्याला संपत नाहीत."

खाली आजी दारातच उभी होती. पिशवीतलं एक सफरचंद तिने उचललं, देठाजवळची तपकिरी खरखर बोटाने चाचपली, वास घेतला आणि भराभर बोलू लागली. ती काय म्हणत होती ते मुलीने मला सांगितलं.

हे आजीच्या गावचं सफरचंद होतं. गाव चेक देशात, सीमेलगतच्या डोंगरात. खालून ओढा वाहतो, ओढ्याच्या पलीकडे जर्मनी. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जर्मन बोलणारे लोक राहिले, भट्ट्या पेटवून काच बनवत राहिले. हिटलरने तो पट्टा गिळला तेव्हा गावाने फुलं उधळली होती आणि तिचे वडीलही त्यात होते. आजी हे लपवत नसे. युद्ध संपल्यावर सगळ्या गावाला एकेक बोचकं देऊन सीमेपार हाकललं. आजी तेव्हा शाळकरी पोर. रिकाम्या घरांत कुठून कुठून माणसं आणून बसवली. पुढे सीमेवर तारा आल्या, आणि कोणी पळून जाऊ नये म्हणून ओढ्याकडची घरं सुरुंग लावून पाडली. उरली डझनभर घरं, कुलूपबंद चर्च, जर्मन नावांची दफनभूमी आणि गवतात रांगेने उभी राहिलेली फळझाडं. जिथे झाडांची रांग, तिथे एके काळी कोणाचं तरी परस होतं.

उन्हाळ्यात हेच जोडपं आजीला तिचं गाव दाखवायला गाडीने घेऊन गेलं होतं. वडिलांनी कलम केलेलं झाड तिने दोघांना दाखवलं होतं. "ही फळं आत्ता पिकतात," आजी म्हणाली. "बाजारात मिळत नाहीत. हा माझ्या गावाला जाऊन आलाय."

मी पुन्हा वर गेलो. बरोबर मुलगी आणि मागून, कठड्याला धरत, आजी. चौकशीत ओरडणारा अधिकारी आरोपीला विचार करायला वेळ देतो. मी हळू बोललो.

"सफरचंदं कुठली रे?"

"मित्राच्या बागेतली. येना शहरातला आहे तो."

"येनाला कधी गेलास?"

"रविवारी."

"मघाशी म्हणालास, घरातून हललो नाही."

"आल्झो... म्हणजे, तोच घेऊन आला होता, काका."

मी आजीला पुढे बोलावलं. ती बसली नाही. त्याला कळेल अशा सावकाश जर्मनमध्ये तिने एकच प्रश्न विचारला: माझ्या गावात तिला कुठे सोडलंस?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तिथे माणसं राहतात, काका. कोणीतरी घेतलंच असेल तिला घरात."

माझा हात उठला होता. मुलीने मनगट घट्ट धरलं, "बाबा, नको."

मग सगळं बाहेर आलं. आजीला सफरचंदं आणून चकित करावं, ही कल्पना त्याच्या बायकोचीच. पिशव्या भरून झाल्यावर ती आजीच्या आजीची कबर साफ करायला दफनभूमीत गेली आणि याने गाडी काढली. तिची पर्स आणि फोन गाडीतच राहिले. पासपोर्ट तर त्याच्या कपाटात आधीपासून होता. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात 'बायको सोडून गेली' असं कळवायचं, त्याच्या नावावर मिळालेला तिचा राहण्याचा परवाना रद्द करवायचा आणि मोकळं व्हायचं, असा बेत. मग सफरचंदं का आणलीस, म्हणून विचारलं तर म्हणाला, "चांगली होती, टाकवेनात." बायको टाकवली, फुकटची सफरचंदं टाकवेनात!

मुलीने पोलिसांना बोलावलं. ते त्याला घेऊन गेले आणि त्यांनी पलीकडच्या पोलिसांना कळवलं. मला चैन पडेना. आजी, मुलगी आणि मी गाडीने निघालो.

चर्चमागच्या एका घरासमोर चेक पोलिसांची गाडी उभी होती. घरातल्या म्हातारीने साताऱ्याच्या मुलीला आपला पलंग दिला होता आणि स्वतः बाकावर झोपत होती. पोलिसांना बोलवू, असं ती रोज सुचवे आणि ही हात जोडून रडे. कागद जवळ नसले तर इथे थेट तुरुंग, असं नवऱ्याने वर्षभर तिच्या डोक्यात भरलं होतं. ती कोपऱ्यात बसली होती. मला बघून म्हणाली, "काका, मला पकडायला आलेत का हो?"

"पकडलंय," मी म्हणालो, "पण तुला नाही."

तिने आजीच्या कमरेला मिठी मारली. घरची म्हातारी मोडक्या जर्मनमध्ये आजीला सांगत होती की तिलाही लहानपणी कुठून तरी ट्रकमधून इथे आणून सोडलं होतं, आणि तिची माणसं या घरात शिरली तेव्हा टेबलावर कोणाची तरी ताटं तशीच होती. आजी फक्त मान हलवत होती.

न्युरेम्बर्गच्या ठाण्यात तेच मंडळाचे ज्येष्ठ हजर. "साहेब, मुलाची नोकरी जाईल. घरातल्या घरात मिटवू ना." मी म्हणालो, "तिला आणायला मात्र तुम्ही आला नाहीत." जर्मन पोलीस बाईंनी साताऱ्याच्या मुलीला विचारलं, तुम्ही स्वतःहून गेलात का? माझी लेक भाषांतर करणार, एवढ्यात ती स्वतःच जर्मनमध्ये म्हणाली, "मी गेले नाही. मला सोडलं." आजीने शिकवलेल्या भाषेत तिने पूर्ण जबाब दिला. तिचा परवाना टिकला. पुढे तो तिच्या स्वतःच्या नावावर झाला.

माझी रजा संपण्याआधी मंडळाचा दिवाळीचा फराळ झाला. चौकशी चालू होती आणि तो मोकळा होता. तो आला. लोकांनी सरकून जागा दिली, कोणी त्याला चकली वाढली. तिला बोलावलंच नव्हतं. का, विचारलं तर एक बाई म्हणाल्या, "अहो, तिलाच अवघडल्यासारखं झालं असतं." मी ताट तिथेच ठेवून बाहेर पडलो. त्या चकलीचा राग मला त्या नवऱ्याच्या रागाइतकाच आहे.

पुण्यात रुजू झालो. बेपत्ता बाईच्या नोंदीत आमच्याकडे ठरलेलं वाक्य असतं: 'कोणास काही एक न सांगता घरातून निघून गेली.' सांगणारा नवरा, लिहिणारा अंमलदार, आणि जिच्याबद्दल लिहायचं ती तिथे नसतेच. माझ्या ठाण्यात मी त्या वाक्याआधी 'नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणे' हे शब्द घालायला लावले, आणि नोंदीची शाई वाळायच्या आत नवऱ्याबरोबर हवालदाराला त्याच्या घरी पाठवू लागलो. कित्येक नवरे भडकत, वरिष्ठांकडे तक्रारी करत. ज्याची बायको खरंच हरवलेली असे, तो हवालदाराच्या पुढे धावत घराकडे निघे.